टॅलो क्रीकचा खर्ज

हॉलिस यारब्रोशी माझं लग्न ठरलं, तेव्हा माझे वडील एवढंच म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण गातो."

तसं आमच्याकडे सगळेच गायचे. चर्चमध्ये गायचे, कापूस वेचताना गायचे, भांडी घासताना गायचे. वडिलांना म्हणायचं होतं ते वेगळं. एखादा माणूस दारूच्या नादी लागलेला असतो, तसा हा गाण्याच्या नादी लागलेला होता, आणि हे त्यांनी लांबून ओळखलं होतं.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या चर्चमधल्या दिवसभराच्या गायनाला. आमचा टॅलो क्रीक म्हणजे उत्तर अलाबामातला चार दुकानांचा गाव, पण मे महिन्यातल्या त्या रविवारी तीन तालुक्यांतली माणसं यायची. मी पाठमोरी वळून कुणाशी तरी बोलत होते. गाणं सुरू झालं, आणि त्याचा आवाज कानाला कळायच्या आधी बाकाच्या लाकडातून माझ्या पाठीला लागला. वळून बघितलं तर लाकूडगिरणीत काम करणारा, हाडकुळा, लांब मानेचा पोरगा. एवढा खर्ज त्या मानेतून येतो कुठून, कुणाला कळेना.

जेवणाला झाडाखाली लांब टेबलं मांडली होती. तो ताटली घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे चिकन डंपलिंग कुणी केलेत?"

"माझ्या आईनं."

"मग तू काय केलंस?"

"मी गाडीतून उचलून आणले."

"म्हणजे निम्मे तुझेच झाले," म्हणाला, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. 

पन्नास साली आमचं लग्न झालं. गाणं तो उन्हाळ्यातल्या गायनशाळेत शिकला होता. पीक हाताशी आलं की फिरता मास्तर यायचा आणि कागदावर आकारांनी लिहिलेले सूर वाचायला शिकवायचा, त्रिकोण म्हणजे डो, गोल म्हणजे सोल. हॉलिसचं शाळेतलं वाचन बेताचंच होतं, पण सूर मात्र तो पेपर वाचावा तसा वाचायचा.

रॉइस मॅडॉक्स नावाचा एक माणूस विमा विकत गावोगाव हिंडायचा. त्यानंच हॉलिसला उचललं. रॉइसचा गळा मुख्य, वरच्या पट्टीला वेंडेल क्रम्प नावाचा बुटका न्हावी, तळाला हॉलिस, आणि मधल्या जागेवरचा माणूस दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा. पियानोवर लीलंड. पियानोवाला धरला तर पाचजण होतात, तरी नाव टॅलो क्रीक क्वार्टेटच, म्हणजे चौघांचंच. लीलंड म्हणायचा, "मी माणसांत नाही, सामानात मोडतो."

आधी ते रविवारपुरते जायचे. मग बर्मिंगहॅमच्या एका रेडिओवर दुपारी बाराला पंधरा मिनिटं मिळाली, एका मैदा कंपनीच्या खर्चानं. गिरणीतलं काम सुटलं. मी बारा वाजता ओला हात एप्रनला पुसून रेडिओपाशी बसायची. आमच्या त्या छोट्या रेडिओला खर्ज पेलायचा नाही. रॉइस लख्ख ऐकू यायचा, वेंडेल तर टाचणीसारखा टोचायचा, आणि खाली नुसती फरफर व्हायची. ती फरफर म्हणजे माझा नवरा. शेजारची व्हीडा एकदा म्हणाली, "तुझा रेडिओ बिघडलाय, ओडेसा. दुरुस्तीला टाक." मी म्हटलं, "राहू दे, मला तसाच आवडतो."

आमची ग्लेंडा शुक्रवारी जन्मली. हॉलिस टेनेसीत कुठंतरी गात होता. तो सोमवारी आला, केसांना तेल चोपडलेलं, हातात बाळापेक्षा मोठी बाहुली. पाळण्यापाशी बराच वेळ उभा राहिला. "हिला उचलू का?" असं त्यानं मला विचारलं. स्वतःच्या पोरीला उचलायची परवानगी मागणारा बाप मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. 

पंचावन्न साली बस आली. जुनी होती, पण रॉइसनं ती निळी रंगवून घेतली, दोन्ही अंगांना नाव काढलं, आतल्या सीटा काढून झोपायच्या फळ्या ठोकल्या. आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितला, बसमध्ये बायका नाहीत. "एकीला घेतलं की चौघींना घ्यावं लागेल, मिस ओडेसा. मग तुम्ही चौघी भांडाल आणि आम्ही चौघं बोलेनासे होऊ. न बोलता चौघांनी एका सुरात गायचं कसं?" 

तेव्हापासून गुरुवारी दुपारी बस दारात येऊन भोंगा वाजवायची आणि सोमवारी परत आणून सोडायची. सोमवार झोपेत जायचा. मंगळवारी तो कौलं, कुंपण, नळ असं काहीतरी ठोकत बसायचा. बुधवारी चर्चमध्ये प्रार्थना. बुधवारी रात्री मी त्याचे पांढरे शर्ट इस्त्री करायची. माझा संसार एवढाच होता.

भांडणं आमची कधी झालीच नाहीत. भांडायला माणूस थोडा जास्त दिवस घरात लागतो. ग्लेंडाला गोवर आला, अंगणातला अक्रोड वादळात पडला, माझी आई गेली, हे सगळं गुरुवार ते सोमवारच्या मधे झालं. आईच्या वेळी तो टेक्सासात होता. मिळेल त्या बसनं उलटसुलट प्रवास करत आला, स्टेजवरच्या चमकत्या कोटात, तेव्हा मूठमाती देऊन दुसरा दिवस उजाडला होता. तो सरळ कबरीवर गेला आणि तिथं एकटा गायला म्हणे. मला व्हीडानं सांगितलं. तो स्वतः काही बोलला नाही.

त्याच सुमाराला एका बुधवारी आम्ही ओसरीत चवळीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तो शेंगांकडे बघतच म्हणाला, "डेसी, तू राहा म्हणालीस तर मी राहतो."

"मी म्हणणार नाही."

"का?"

"मग तू खरंच राहशील. आणि या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत राहशील."

त्यानं पुढची शेंग उचलली. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि तो गेला. मी ओसरीतच उभी होते. राहा म्हणायचं नव्हतं असं नाही. मला तो माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठीच राहायला हवा होता, आणि तसं कुणाला सांगून होत नाही.

वर्षं अशी गेली. त्यांच्या तबकड्या निघाल्या, नाव झालं, बस दोनदा बदलली. लोक माझ्याजवळ येऊन सांगायचे, तुमच्या मिस्टरांचा आवाज ऐकला की चर्चच्या खिडक्या थरथरतात. मी म्हणायची, हो का. ग्लेंडाचं लग्न सोमवारी लावलं. पाद्री म्हणाला, सोमवारी लग्न कधी ऐकलं नाही. मी म्हटलं, मुलीचा बाप सोमवारी मिळतो.

चौऱ्याऐंशी साली ओक्लाहोमात स्टेजच्या पायऱ्या चढताना हॉलिसच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. रॉइसनं मोठा निरोपाचा कार्यक्रम केला, एक भलीमोठी आरामखुर्ची भेट दिली, आणि त्याच्या जागी डॅरेल नावाचा जॉर्जियाचा तिशीतला माणूस घेतला. बसनं हॉलिसला दारात सोडलं तो वार शुक्रवार होता. शुक्रवारी नवरा घरात, ही गोष्ट मला पचायला फार वेळ लागला. मी शुक्रवारी मेथडिस्ट चर्चमधल्या बायकांच्या शिवणवर्गाला जायची ती जाऊ की नको, इथपासून सुरुवात.

आणि हा माणूस झोपेना. पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. गादी बदलली, उशी बदलली, खिडकीत पंखा लावला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांच्यामुळे तो दिवसा पेंगायचा आणि अंधार पडला की घरभर फिरायचा. आरामखुर्चीत बसवलं तर म्हणाला, "खुर्ची चांगली आहे, पण ही कुठं जात नाही ना."

ग्लेंडा पलीकडच्या तालुक्यात राहायची. एका दुपारी जेवून आम्ही तिच्याकडे निघालो. तोपर्यंत माझ्या शेजारी बसायची त्याला सवय नव्हती. आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसला. कापसातली सरकी काढतात त्या जिनाच्या पुढं गेलो नाही तोच मागून घोरणं ऐकू आलं. खर्जातल्या माणसाचं घोरणं ते, गाडीचं इंजिन बिघडलं असं वाटून मी बाजूला थांबवली. गाडी थांबली आणि तो जागा झाला.

"पोचलो?"

"कुठं?"

"तुल्साला. कार्यक्रमाला."

"अजून नाही," मी म्हटलं, आणि गाडी पुन्हा सुरू केली.

मग रोजचंच झालं. दुपारचं जेवण आटोपलं, ताटं विसळली, की मी आमची ब्यूक गाडी बाहेर काढायची. जिनावरून, कोंबड्यांच्या लांब शेडवरून, नदीच्या पुलावरून वळून पुन्हा गावात. एक फेरी, दुसरी फेरी. शक्यतो थांबायचं नाही. चौकातल्या ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीपाशी मी इतकी हळू रेटायची की शेरीफच्या माणसानं एकदा हटकलं. मी मागं बोट दाखवलं. त्यानं टोपी काढून आत बघितलं आणि हळूच म्हणाला, "जा, मॅडम."

किराणा दुकानात व्हीडानं गाठलं. "ओडेसा, तुझ्या परसात पेट्रोल लागलंय का गं?"

"का?"

"रोज दोनदा माझ्या दारावरून जातेस. हातसुद्धा करत नाहीस."

"हात केला तर तू थांबवशील. थांबले तर तो उठेल."

व्हीडा हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. "बरं," म्हणाली. "मी यापुढं हात करणार नाही."

कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण ते माझे सुखाचे दिवस होते. मागच्या सीटवर का होईना, तो माझ्या गाडीत होता. आरशात त्याची मान दिसायची, तीच लांब मान, आता सुरकुतलेली. झोपेत तो गुणगुणायचा. सूर खालचाच असायचा, आणि नुसत्या खालच्या सुरावरून गाणं कुठलं ते कुणाला कळत नाही. मला कळायचं. एकदा मीही वरची चाल हळूच गायला लागले. मागून आवाज आला, "डेसी, तू खाली चाललीयस."

"मी सरळ चाललेय. रस्ता रिकामा आहे."

"रस्त्याचं नाही म्हणत. सुराचं म्हणतोय." 

पण जागेपणी तो घरात नसायचाच. गुरुवार आला की दुपारी ओसरीत जाऊन बसायचा. कुणाची वाट बघतोस म्हणून मी विचारलं नाही. मला ते बसणं ओळखीचं होतं. इतकी वर्षं मी तसंच बसत आले होते, फक्त मी सोमवारची वाट बघायची.

पुढल्या वसंतात रॉइसचा फोन आला. डॅरेलची बायको बाळंत होणार होती, आणि डॅरेलनं सांगितलं होतं की मूल होईपर्यंत मी तिच्याजवळून हलणार नाही. शुक्रवार ते रविवार, तीन कार्यक्रम ठरलेले. हॉलिस येईल का?

हॉलिसनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तो डॅरेलबद्दल काहीतरी बोलायला गेला आणि गप्प झाला. शुक्रवारी जन्मलेल्या आमच्या पोरीची आठवण दोघांनाही झाली असणार.

"डॉक्टर नको म्हणालेत," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"तुला जायचंय?"

त्यानं मान हलवली. मी रॉइसला फोन लावला. म्हटलं, "तो येईल. त्याच्या गोळ्या सांभाळायला मीही येईन. बसमधून."

तिकडं रॉइसनं घसा खाकरला. "मिस ओडेसा, तो नियम तुम्हाला..."

"नियम तुझा आहे, रॉइस. नवरा माझा आहे."

"बरोबर," रॉइस म्हणाला. "वेंडेलला मोजे आवरायला सांगतो."

गुरुवारी दुपारी भोंगा वाजला आणि मी पायऱ्या चढून आत गेले. तीस वर्षं जिला मी मनातल्या मनात सवत म्हणत आले, ती आतून अशी होती: कॉफीचा आणि पायांचा वास, तारेवर टांगलेले कोट, खिडकीला चिकटवलेला च्युइंगम. हॉलिसची फळी अजून त्याचीच होती, डॅरेल उंच असल्यानं मागच्या रुंद जागेवर झोपायचा. शवपेटीएवढी जागा, एक पडदा, एक घोंगडी. एवढ्यासाठी तो मला सोडून जात होता, असं मनात आलं.

मग बस हायवेला लागली आणि मी बघत राहिले. माझा अबोल नवरा पुढच्या सीटवर उलटा बसून नकला करत होता. कुठल्याशा जेवणाच्या ठिकाणच्या मालकिणीची नक्कल, एका धर्मोपदेशकाची नक्कल. वेंडेलनं मधेच नुसतं "रोनोक" म्हटलं आणि जुने चौघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"रोनोकला काय झालं होतं?" मी विचारलं.

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. मग रॉइसनं सांगायला घेतलं, वेंडेलनं मधे दुरुस्त्या केल्या, लीलंडनं शेवट सांगितला. एक बकरी होती, एक महापौर होता आणि एक उघडं राहिलेलं दार होतं. मला काही हसू आलं नाही. हॉलिस ओशाळून म्हणाला, "तिथं असायला पाहिजे होतीस."

"हो," मी म्हटलं. "असायला पाहिजे होते."

पहिला कार्यक्रम मिसिसिपीतल्या एका शाळेच्या सभागृहात. मी पडद्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. पहिली दोन गाणी छान झाली. लोकांनी हॉलिसला ओळखलं, उभं राहून टाळ्या दिल्या. मग त्याचं नेहमीचं गाणं आलं. त्यात शेवटी बाकीचे तिघं थांबतात आणि तो एकटा पायऱ्या उतरावा तसा खाली खाली जातो. तो उतरला. शेवटच्या पायरीला तोंड उघडं होतं, मान ताठ होती, आणि आवाज नव्हता. लीलंडनं डाव्या हातानं तोच सूर पियानोवर असा काही दाबून धरला की समोरच्या हजारभर माणसांत कुणाला पत्ता लागला नाही. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. हॉलिसनं वाकून नमस्कार केला. सरळ होताना त्यानं लीलंडकडे बघितलं, आणि लीलंडनं पियानोच्या पट्ट्यांकडे.

शनिवारी तेच. रविवारी हॉलिसनं रॉइसला सांगितलं की ते गाणं आज नको घेऊस. रॉइस "बरं" म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

परतीच्या वाटेवर तो फळीवर गेला नाही. माझ्याशेजारी येऊन बसला. बाहेर ऊन होतं, शेतं नांगरलेली होती.

"थकलास? जाऊन पड जरा. इथं तरी झोप येईल तुला."

"नको," म्हणाला. थोड्या वेळानं, "लीलंड चांगला आहे."

"चांगला आहे."

"तुला कळलं होतं?"

"मी तुला रेडिओवर फरफर असतानासुद्धा ओळखायची, हॉलिस. नाहीस ते कळणार नाही का?"

तो हसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मी त्याचा हात धरला नाही. धरावासा वाटत होता, पण समोर वेंडेल बसला होता आणि मोजे रफू करत होता.

टॅलो क्रीकला उतरलो तेव्हा डॅरेलला मुलगी झाल्याचं कळलं. हॉलिसनं फोन करून त्याचं अभिनंदन केलं आणि म्हणाला, "फळी रिकामी केलीय. आता तुझंच सामान ठेव तिथं."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी किल्ली उचलली. हॉलिस बाहेर आला, आणि मागचं दार सोडून पुढं माझ्याशेजारी येऊन बसला. जिन मागं पडला, कोंबड्यांच्या शेड मागं पडल्या, तरी जागाच. नदीच्या पुलावर आलो तेव्हा म्हणाला, "डेसी, एक्कावन्न साली काय काय झालं?"

"म्हणजे?"

"मी नव्हतो तेव्हा. सुरुवातीपासून सांग. मला घाई नाही."

मी पूल ओलांडला. मग आठवलं, त्या वर्षी आमच्या विहिरीत व्हीडाचं डुक्कर पडलं होतं. ते सांगितलं. तो इतका हसला की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. गाडी थांबली तरी चालणार होतं आता. 

तेव्हापासून रोज दुपारी मी थोडं थोडं सांगायची. तो मधेमधे विचारायचा, ग्लेंडा पहिल्यांदा चालली तेव्हा कुणाकडे चालत गेली, अक्रोड कुठल्या बाजूला पडला, तेव्हा तू काय केलंस, घाबरलीस का. घाबरले होते, हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. काही दिवस त्याला मधेच झोप लागायची. मग दुसऱ्या दिवशी मी तिथून पुढं सुरू करायची. रात्रीही तो आता थोडाफार झोपायला लागला होता, पण गुरुवारचं ओसरीत बसणं मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही. मी त्याला चहा नेऊन द्यायची आणि आत यायची.

सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात तो गेला. सकाळी मक्याचा ब्रेड ताकात कुस्करून खाल्ला, आरामखुर्चीत बसला, आणि गेला. मूठमातीला क्वार्टेट आलं. डॅरेल खर्जात गायला, शेवटच्या पायरीपर्यंत नीट उतरला, आवाज अगदी लख्ख लागला. फार चांगला गायला तो. त्याचं मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचंही वाईट वाटलं. नंतर तो बायको-मुलीला घेऊन माझ्यापाशी आला, तेव्हा मी त्याच्या पोरीला दोन घास केळ्याचं पुडिंग भरवलं.

सांगत सांगत आम्ही त्रेसष्ट सालापर्यंत पोचलो होतो. आईच्या मूठमातीचा दिवस सांगून झाला होता, कोण कोण आलं होतं, कुणी काय शिजवून आणलं होतं, सगळं. त्यानं दोनदा विचारून घेतलं.

परवा ग्लेंडा आली होती. म्हणाली, "आई, पुढचं मला सांग ना. मी ऐकते."

"तुला काय सांगू?" मी म्हटलं. "तू तर इथंच होतीस."